आट्यांना धरायला काय हवे

रायफलीच्या दस्त्याला खालच्या अंगाने दोन छोटे पोलादी स्टड बसवलेले असतात. एक पुढे, नळीखाली. दुसरा मागे, खांद्याला टेकणाऱ्या टोकापासून चार बोटे अलीकडे. प्रत्येकाचा माथा वाटाण्याएवढा, माथ्यात आरपार भोक आणि त्या भोकात पट्ट्याच्या कडीची पिन. बाहेरून दिसते ते एवढेच. खरे काम असते दस्त्याच्या आत गेलेल्या, आटे पाडलेल्या दांडीचे. फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या दस्त्यात ही दांडी कधी ना कधी सैल होते. आधी स्टड बोटाने फिरवता येतो, मग तो डुगडुगू लागतो, आणि एखाद्या दिवशी पट्ट्यासकट बाहेर येतो. यावर सगळीकडे सुचवला जाणारा इलाज एकच: भोकात अ‍ॅरल्डाइट भरा, स्टड परत पिळा, दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नका. हा इलाज पुष्कळदा महिना-दोन महिने टिकतो आणि मग स्टड पुन्हा बाहेर येतो, या वेळी अ‍ॅरल्डाइटची अख्खी गुळगुळीत गुंडी सोबत घेऊन. ती गुंडी हातात धरून नीट पाहण्यासारखी असते. तिच्यावर दस्त्याचा एक कणही चिकटलेला नसतो. मला वाटते, सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्या गुळगुळीतपणात आहे. स्टड निघतो तो पकड कमी पडली म्हणून नव्हे, तर ज्या जागेवर सगळा भार टाकला ती जागा भार घेणारीच नव्हती म्हणून. तेव्हा दुरुस्ती करताना पकड वाढवत बसण्यापेक्षा भाराची वाट बदलावी, असे माझे म्हणणे आहे.

ते पटायचे तर आधी लाकडाकडे जावे लागते, कारण हा स्टड जन्माला आला तो लाकडासाठी. अक्रोडाचे लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींचा करकचून बांधलेला भारा. स्क्रूचे आटे त्यात शिरताना काही तंतू कापतात, पण बरेचसे नुसते बाजूला सारतात, आणि बाजूला सारलेले तंतू आपल्या जागी परतू पाहतात. त्या परतण्याच्या जोरावर स्क्रू उभा असतो. म्हणूनच कोणताही सुतार तंतूंना आडव्या बसवलेल्या स्क्रूवर जेवढा भरवसा ठेवतो तेवढा फळीच्या टोकातून, तंतूंच्याच दिशेने घातलेल्या स्क्रूवर ठेवत नाही. रायफलीच्या दस्त्यात तंतू लांबीने धावतात आणि स्टड खालून काटकोनात जातो; लाकडाची सर्वांत बळकट बाजू त्याला आयती मिळते. आणि इतके करूनही भोक सैल झालेच, तर घरोघरी माहीत असलेली युक्ती आहेच: काडेपेटीच्या दोन काड्या गुल तोडून भोकात सारायच्या आणि कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू पुन्हा पिळायचा. ही युक्ती गावठी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जिथे तंतू संपले तिथे ती नवे तंतू पुरवते. दुरुस्तीचे मर्म तिला अचूक कळलेले आहे.

मग असे गुणी लाकूड सोडले कशासाठी? तर ज्या पोकळ पेशी स्क्रूला धरतात त्याच पाणीही पितात. १९६६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने रेमिंग्टन ७०० वर बेतलेली एम-४० ही रायफल आपल्या निष्णात नेमबाजांसाठी घेतली, तेव्हा तिचा दस्ता अक्रोडाचा होता. व्हिएतनामच्या दमट हवेत ते दस्ते फुगले, वाकले, नळीला जिथे टेकू नयेत तिथे टेकू लागले, आणि नेम सरकू लागला. पुढच्या दशकात आलेल्या एम-४०ए१ ला मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता मिळाला तो या अनुभवातून. त्याआधीच, १९५९ मध्ये, रेमिंग्टनने अख्खा दस्ता प्लास्टिकमध्ये ओतलेली .२२ ची रायफल विकायला काढली होती. तिचे नावच होते नायलॉन ६६. रेमिंग्टनची मालकी तेव्हा ड्यूपाँटकडे होती आणि नायलॉन हा पदार्थ ड्यूपाँटच्याच प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये तयार केलेला. नावातले दोन सहा म्हणजे तो ज्या दोन रसायनांपासून बनतो त्या दोघांच्या रेणूंतले सहा-सहा कार्बन अणू. लोक साशंक होते, तरी ती रायफल दहा लाखांहून अधिक खपली. फायबरग्लास आणि नायलॉन हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत, पण दोघांनाही आपण ‘सिंथेटिक’ या एकाच शब्दात कोंबतो. दुरुस्तीतला अर्धा घोटाळा या शब्दाने केलेला आहे, आणि त्याकडे पुढे यावे लागेल.

साच्यात ओतलेल्या दस्त्याचे पोट पोकळ असते, हे विकत घेणाऱ्याला बाहेरून कळत नाही. ही लबाडी नाही, साच्याची गरज आहे. वितळलेले प्लास्टिक थंड होताना आकसते. एका जागी भिंत जाड आणि दुसऱ्या जागी पातळ असली की जाड भाग उशिरा थंड होतो आणि वरचा पृष्ठभाग आत खचतो. म्हणून सगळ्या भिंती जवळपास सारख्या जाडीच्या, काही मिलिमीटरच्या, ठेवाव्या लागतात, आणि ताकदीसाठी आतून पडद्यांसारख्या पट्ट्या उभ्या कराव्या लागतात. स्टडच्या जागी फार तर एखादी जाडसर नळकांडी सोडलेली असते. लाकडात दोन-अडीच सेंटिमीटर खोल जाणाऱ्या आट्यांना इथे जेमतेम काही मिलिमीटर मिळतात, आणि त्या मिलिमीटरांतही तंतू नसतातच. काच मिसळलेल्या नायलॉनमध्ये तंतू असतात खरे, पण ते मिलिमीटरहूनही आखूड. आटे त्यांच्यामधून आरपार जातात. बाजूला सरून परत दाबणारे तिथे कोणी नाही.

त्यात नायलॉनचे स्वतःचे दोन स्वभाव भर घालतात. पहिला म्हणजे सततच्या भाराखाली ते अतिशय मंदपणे वाहते. घट्ट पिळलेला स्टड पहिल्या दिवशी घट्टच असतो, पण त्याने भोवतीच्या भिंतीवर टाकलेला दाब महिनोन्‌महिने उतरत जातो, कोणी काही न करता. दुसरा असा की नायलॉन पाणी पीत नाही ही समजूत चुकीची आहे. शुद्ध नायलॉन ६६ पाण्यात बुडवून ठेवले तर वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी शोषून घेते, आणि मध्यम दमट हवेतही अडीच टक्क्यांच्या आसपास. लाकडापुढे हे कमीच, पण या पाण्याने नायलॉन मऊ आणि लवचिक होते. शिवाय ऊन तापले की साधे नायलॉन पोलादाच्या सहा-सात पट प्रसरण पावते. काच मिसळल्यावर हे प्रमाण बरेच उतरते, पण पोलादाइतके खाली येत नाही. दिवस-रात्र, पाऊस-ऊन, भोक आणि दांडी एकमेकांपासून केसभर दूर जातात आणि जवळ येतात. अशा सांध्यात आट्यांवर विसंबणे म्हणजे हळूहळू उघडणाऱ्या मुठीवर विसंबणे.

आता अ‍ॅरल्डाइटकडे येऊ. ते चांगले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही; धातू, काच, लाकूड, चिनीमाती यांना ते जे धरते त्याला तोड नाही. पण चिकटायचे तर आधी पसरावे लागते. पाण्याचा थेंब काचेवर पसरतो आणि मेणावर गोळी होऊन बसतो, त्यामागे पृष्ठभागाची ओढ असते, आणि चिकटद्रव्याचेही तसेच आहे. बादल्या-डब्यांच्या पॉलिप्रॉपिलिनवर ते जवळजवळ धरतच नाही. नायलॉनवर त्याहून बरे धरते, पण साच्यातून निघालेल्या गुळगुळीत, क्वचित तेलकट भिंतीवर बेताचेच. म्हणून ती गुंडी स्वच्छ बाहेर येते. यावर हरकत अशी घेतली जाईल की अनेकांचे स्टड नुसत्या अ‍ॅरल्डाइटवर वर्षानुवर्षे टिकले आहेत. हे खरे आहे, आणि त्याचे कारण ‘सिंथेटिक’ या शब्दाच्या पोटात दडलेले आहे. ते दस्ते बहुतेक फायबरग्लासचे असतात: काचेचे कापड राळेत भिजवून थरावर थर चढवलेले. ती राळ बहुधा एपॉक्सीच, म्हणजे अ‍ॅरल्डाइटची सख्खी बहीण. तिथे पॉलिश पेपर मारून, पुसून घातलेले अ‍ॅरल्डाइट दस्त्याशी एकजीव होते. त्या यशावरून नायलॉनला तोच इलाज सांगणे म्हणजे एका रोग्याचे औषध दुसऱ्याला देणे. आपला दस्ता कशाचा आहे हे ओळखणे ही दुरुस्तीची पहिली पायरी आहे, आणि तीच सहसा वगळली जाते.

चिकटत नसलेल्या गोष्टीला धरून कसे ठेवायचे, हे दातांच्या डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. दातात भरायची चांदी दाताला चिकटत नाही. म्हणून किडलेला भाग कोरताना खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद ठेवतात. भरलेली चांदी घट्ट झाली की तिला बाहेर यायला वाटच उरत नाही. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कोरण्याचे नियम बांधून दिले. इथे चिकटपणावर काहीच सोपवलेले नाही, सगळे आकारावर सोपवलेले आहे. आणखी एक उदाहरण आपल्या प्रत्येक भिंतीत आहे. १९११ च्या सुमारास लंडनच्या जॉन रॉलिंग्ज यांनी भिंतीतल्या स्क्रूसाठी एक लहानशी नळी काढली, ज्यूटचे तंतू प्राण्यांच्या रक्ताच्या गोंदात बांधून केलेली. वीट तंतू देत नाही, तर ते बाहेरून आणून विटेत बसवायचे, आणि स्क्रू त्या तंतूंत पिळायचा. आज प्लास्टिकचा झालेला रावळ प्लग तोच. काडेपेटीची काडी, चांदी आणि रावळ प्लग यांच्यात एक समान धागा आहे. तिघेही आधी विचारतात, की इथे धरायला काय आहे? आणि नसेल तर ते निर्माण करतात.

मग दस्त्यात काय निर्माण करायचे? पोकळ दस्ता असेल तर उत्तर सोपे आहे, आणि ते पोकळीतच आहे. आतल्या बाजूला जाता येते. नळी आणि यंत्रणा दस्त्यातून सोडवली की पुढच्या स्टडचे आतले तोंड नळीच्या पन्हाळीत उघडे दिसते. मागच्या बाजूला, पुष्कळ दस्त्यांत, रबरी पॅडचे दोन स्क्रू काढले की पोटात डोकावता येते. आट्यांनी प्लास्टिकला धरण्याऐवजी बोल्टसारखी दांडी आरपार जाऊ द्यायची, आतून रुंद वायसर आणि त्यावर नट. आता पट्टा ओढला की ओढ आट्यांच्या काठावर येत नाही. ती नटाला जाते, नटाकडून वायसरला आणि वायसरकडून भिंतीच्या रुपयाएवढ्या क्षेत्राला. दाबाखाली नायलॉन चांगले टिकते. ते हरते ते बारीक काठावर एकवटलेल्या ओढीखाली. अ‍ॅरल्डाइट इथेही लागते, पण दुय्यम कामाला: वायसर आणि वाकड्या भिंतीमधली फट भरून काढायला, म्हणजे वायसर कडेवर नव्हे, पूर्ण अंगाने टेकेल. सुतार-रंगारी लांबी भरतात तसे. पुढच्या स्टडला एक जपायची गोष्ट आहे. पन्हाळीत नट उंच राहिला किंवा दांडीचे टोक बाहेर आले, तर ते नळीला टेकेल, आणि ज्या कारणासाठी लाकूड सोडले तीच चूक आपण पोलादाची करून ठेवू. टोक कानशीने घासून नटाच्या पातळीला आणावे, नळी बसवल्यावर कागदाची पट्टी नळीखालून अडखळल्याशिवाय सरकते की नाही पाहावे.

फायबरग्लासच्या दस्त्यात सहसा पोकळी नसते, फेस भरलेला असतो, आणि फेस म्हणजे आट्यांच्या दृष्टीने हवाच. तिथे आतून जाता येत नाही, म्हणून दातांची रीत लागते. बाहेरचे भोक आहे तेवढेच ठेवून, वाकवलेल्या तारेने किंवा बारीक कोरणीने आतला फेस भोवताली पोखरायचा, जेणेकरून अरुंद तोंडाचे एक मडके तयार होईल. त्यात काचेचे बारीक तुकडे कालवलेले एपॉक्सी दाबून भरायचे, हवेचा बुडबुडा राहू न देता. स्टडच्या आट्यांना मेण किंवा बुटाचे पॉलिश चोळून तो त्यात रोवला, तर एपॉक्सी त्याच्याभोवती आट्यांचा साचा होऊन घट्ट होते आणि स्टड पुढे हवा तेव्हा काढता येतो. काचेचे तुकडे कशाला, असे कोणी विचारील. नुसते एपॉक्सी ठिसूळ असते. काच त्यात तंतूंचे काम करते. म्हणजे पुन्हा काडेपेटीची काडीच, फक्त काचेची.

एवढी उस्तवार एका पट्ट्याच्या खुंटीसाठी कशाला, ही हरकत सर्वांत स्वाभाविक आहे. दुर्बिणीसकट शिकारी रायफल साडेतीन-चार किलोची. खांद्यावर लटकलेली, तिच्यात ओढ ती किती? पण आज पुढच्या स्टडला पट्टा लटकवतात तसा दोन पायांचा टेकूही लावतात, आणि प्रसिद्ध हॅरिस टेकू तर त्या स्टडलाच चिमट्यासारखा आवळला जातो. समजा टेकूचे पाय २० सेंटिमीटर लांब आहेत आणि नेमबाज खांद्याने पुढे रेटतो तेव्हा जमिनीवर ३ किलोचा जोर येतो. टेकूचा माथा दस्त्यावर स्टडपासून २-३ सेंटिमीटरवर टेकलेला. तरफेचा हिशेब केला तर स्टडवर वीस-तीस किलोंची ओढ सहज येते. पट्टा वाहण्यासाठी कल्पिलेल्या खुंटीला आपण पहारेचा भार दिला आणि प्लास्टिकला दोष दिला. दुसरे कारण याहून गंभीर आहे. मागचा स्टड निसटला की रायफल खांद्यावरून घसरते, आणि घसरताना नळीचे तोंड कुठे वळेल हे कोणाच्या हातात राहत नाही. काही विचारी लोक म्हणतात की सांधा फार मजबूत केला तर पुढच्या वेळी दस्त्याची भिंतच फाटेल. कमकुवत स्टड हा फ्यूजसारखा असावा. यंत्रात हा विचार योग्य असतो. पण फ्यूज तुटल्यावर काहीतरी सुरक्षित व्हायला हवे. इथे तुटणे हाच अपघात आहे. आणि रुंद वायसर भिंतीवरचा ताण वाढवत नाही, पसरवतो.

भार पसरवण्याच्या या विचाराची सर्वांत शुद्ध परीक्षा स्पर्धेच्या मैदानावर होते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये गुडघा टेकून आणि पालथे पडून नेम धरताना पट्टा वापरता येतो, उभ्याने नाही. तिथे पट्टा रायफल वाहण्यासाठी नसतोच. तो दंडापासून दस्त्याच्या पुढच्या भागापर्यंत ताणलेला असतो, आणि त्याच्या ताणावर रायफलीचा भार स्नायूंवरून उतरून हाडांवर जातो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पालथे पडून नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवले, आणि त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारांत हा पट्टा डाव्या हाताचा जोडीदार असतो. अशा रायफलीत पट्टा वाटाण्याएवढ्या स्टडला लावत नाहीत. दस्त्याच्या पोटाखालून धातूची लांब पट्टी जाते, तिच्या खाचेत हाताचा आडोसा आणि पट्ट्याची कडी सरकवून आवळतात. जिथे ओढ सर्वांत मोठी आणि गुणाच्या दशांशावर पदक ठरते, तिथे यंत्र घडवणाऱ्यांनी आट्यांवर विसंबणे सोडून ओढ लांबीवर वाटून दिली. युरोपातल्या जुन्या शिकारी बंदुकांतही पुढची कडी पुष्कळदा दस्त्याला नसून नळीलाच कडे घालून जोडलेली असे.

नवा दस्ता घ्या आणि मोकळे व्हा, हेही एक मत आहे, आणि भिंतच तडकली असेल तर ते बरोबर आहे. पण नवा दस्ताही त्याच साच्यातून आलेला, त्याच पातळ भिंतीचा आणि त्याच आखूड आट्यांचा असतो. त्यात यंत्रणा नव्याने बसवावी लागते, नेम नव्याने जुळवावा लागतो, आणि स्टड पुन्हा सैल व्हायला तितकाच काळ लागतो. उलट दोन रुपयांच्या वायसरने दुरुस्त केलेला जुना दस्ता त्या ठिकाणी कारखान्यातून आला त्याहून चांगला असतो. दुरुस्त वस्तू नव्याहून सरस ठरावी, असे भाग्य फार थोड्या दुरुस्त्यांना लाभते.

एक गोष्ट आपल्यापुरती. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमात शस्त्रे बनवणे-विकणे यांच्या जोडीने ‘दुरुस्ती’ हाही शब्द आहे, तेव्हा आपल्याकडे हे काम परवानाधारक कारागिराच्या बाकावर व्हावे. आणि ते कोणाच्याही बाकावर असो, रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहून, बोल्ट काढून, नळी बाजूला ठेवल्यावरच गिरमिट हातात घ्यावे.

मग एपॉक्सीला पूर्ण एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी नुसता दस्ता दोन खुर्च्यांवर आडवा टेकवावा, स्टडच्या बुडापासून दस्त्यावर उतरणारी पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढावी, आणि स्टडला दोरीने १० लिटर पाण्याची बादली टांगावी. हा भार रायफलीच्या वजनाच्या अडीच-तीन पट झाला. रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी बादली काढून स्टड बोटांनी जोराने पिळावा आणि खिडकीपाशी उजेडात ती रेघ पाहावी. स्टडवरचा तुकडा आणि दस्त्यावरचा तुकडा अजून एका ओळीत असतील, तर नळी बसवायला घ्यावी.